सांजेचं वचन

"या पोरीच्या डोक्यात दगड भरलेत, बसवा मागं!" लहानपणी गुरुजींनी वर्गात आपल्याबद्दल काढलेले ते शब्द स्टेला आजही विसरली नव्हती. लेकीच्या शाळेतल्या विशेष शिक्षिका मनवाबाई आज बेलापूरच्या घरी आल्या, तसे ते शब्द पुन्हा तिच्या कानात घुमले.

"ग्रेसला अक्षरं ओळखता येत नाहीत. तपासून घेऊ, तिला वेगळ्या पद्धतीनं शिकवू," बाई म्हणाल्या.

स्टेलाचा नवरा इसहाक हसला. "काय बोलता बाई! सांजच्या प्रार्थनेला आमी तिघंबी आळीपाळीनं बायबलातलं वचन वाचतो. ही तर घडाघडा वाचती. उगं माझ्या पोरीला वेड्यात काढू नका." त्यानं बायबलचं मधलंच पान उघडून लेकीपुढं धरलं. "वाच गं, दाव बाईंना."

ग्रेसनं ओळीवर बोट ठेवलं. बोट पहिल्याच शब्दावर अडलं. ससाण्याची सावली अंगावर पडलेल्या पिलासारखं तिनं आईकडं पाहिलं.

"तिला नका वाचायला लावू," स्टेला कशीबशी बोलली. "रोजचं वचन मी मोबाईलवर ऐकते अन् भाकरी थापताना तिच्याकडनं घोकून घेते. अन् अवो... मलाबी वाचता येत न्हाई."