उतारासाठी अर्ज

मलावीतल्या चिम्वाला गावचं मतदान केंद्र शाळेत, चौदा पायऱ्या वर होतं. पोलिओनं पाय गेलेली तियांजाने शिंपीण मागच्या निवडणुकीत खालूनच परतली होती. म्हणून या खेपेला दोन महिने आधीच ती अर्ज घेऊन केंद्रप्रमुखाकडे गेली: पायऱ्यांशेजारी चाकांसाठी उतार बांधून द्या.

"अमायी, नुसत्या पायऱ्या लिहून भागत नाही," तिला आदबीनं आई म्हणत तो बोलला. "ज्यांना चढता येत नाही त्यांची नावं, मतदार क्रमांक, सगळं आणा. मग वर कळवतो."

हातानं चालवायची तीनचाकी मक्याच्या शेतांतून रेटत तिनं तीन आठवड्यांत स्वतःचं धरून सतरा नावं गोळा केली. "पोरी, आपल्याला कोण विचारतंय?" म्हणणाऱ्या आंधळ्या बंडावे आजोबांनाही तिनं भरीला घातलं.

मतदानाच्या दिवशी उताराचा पत्ता नव्हता. तियांजाने हातांवर भार देत एकेक पायरी चढली. तळवे सोलपटले, पण ती वर पोचली.

"तुमचं मत सकाळीच पडलंय," केंद्रप्रमुख म्हणाला.

तिनं शाई नसलेलं बोट त्याच्यापुढे धरलं. "आणि बाकीचे सोळा?"

"तेही सगळे येऊन गेले." मग तिच्याकडे वाकून तो हळूच म्हणाला,


"पुढच्या वेळीही यादी तुम्हीच करा, अमायी. इतकी बिनचूक दुसऱ्या कुणाला जमायची नाही."