बॅरनचे सात तह

बटण म्हणजे अनिकाच्या पुढ्यात जमिनीवर चिकटवलेला लाल कागद. त्यावर कुणी पाय दिला की तिने जिवंत व्हायचं आणि बोलायचं. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या त्या शाळेत आज चौथीची सगळी पोरं थोरामोठ्यांचे पुतळे होऊन उभी होती. निम्मे तर राष्ट्राध्यक्षच. अनिका मात्र अठराव्या शतकातला जर्मन बॅरन, म्हणजे सरदार, कमरेला पुठ्ठ्याची तलवार.

हा बॅरन तिच्या आजीचा, शोभनाबाईंचा. नागपूरच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, पण मुलं पेंगायला लागली की त्या पुस्तक मिटायच्या आणि त्याची गोष्ट काढायच्या. तीच त्यांनी आठवडाभर नातीकडून घोकून घेतली होती. "आई, रिपोर्ट इंग्लिशमध्ये आहे. तिला कन्फ्यूज नको करूस," असं मुलाने, प्रसन्नने, दोनदा बजावूनसुद्धा.

टीचरने कागदावर पाय दिला.

अनिकाने तोंड उघडलं. इंग्रजीचा एक शब्द फुटेना. खुर्चीतल्या शोभनाबाईंनी कपाळाला हात लावला. परवा परतीचं विमान, आणि जाता जाता पोरीचं हसं करून ठेवलं आपण!

तेवढ्यात अनिकाने डोळे गच्च मिटले आणि ती धाडधाड सुरू झाली.

"सतराव्या वर्षी तो घोडदळात शिरला. लढाईत दोन बोटं गेली, पण पठ्ठ्या हटला नाही! मग राजाने त्याला आपला वकील म्हणून परक्या दरबारी धाडलं."

सगळं मराठीत. 'पठ्ठ्या'सुद्धा आजीच्याच ठसक्यात. सहा महिने आजीला 'ओके' आणि 'नो थँक्स'पलीकडे उत्तर न देणारी ही पोर.

"तलवारीने त्याने दोन किल्ले घेतले. आणि नुसत्या बोलण्याने तह किती केले? सांगा!"

वर्गाला विचारायच्या प्रश्नासकट गोष्ट पाठ झाली होती. उत्तर वर्गाने द्यायचं असे.

"सात!"

मागून प्रसन्न ओरडला होता. हातात हँडीकॅम, आणि आपण काय बोललो म्हणून तोच दचकलेला. एकेकाळी आईच्याच वर्गातला, सातवी ब, खिडकीकडचा तिसरा बाक.

शोभनाबाईंचे डोळे भरून आले. आवाज मात्र वर्गातलाच निघाला.

"प्रसन्न, आधी हात."

चाळिशीतल्या इंजिनियरने कॅमेरा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला.