जुन्या वळणाची पाटी

"मेण आधी, रंग मागून," रामकिसन पेंटर म्हणाले. "हात लागून जिथं रंग उडाला असता, तिथंच घासा मेणबत्ती."

कालिंदीनं फळीच्या कडांवर मेणबत्ती घासली. हॉलमध्ये लावायला तिला जुन्या वळणाची पाटी हवी होती. ‘नानासाहेब कुलकर्णी, धान्याचे व्यापारी.’ नानासाहेब म्हणजे तिचे आजेसासरे.

गुलमंडीत कुलकर्ण्यांच्या घराखाली रामकिसनांचं दुकान होतं. ते खाली करून घ्यायला तिचे सासरे आप्पासाहेब कोर्टात गेले होते. तिथं आमच्या वडलांचं दुकान होतं, पेंटर मागून घुसला, असं ते म्हणत. रामकिसन म्हणत, पोलिस ॲक्शननंतर माझ्या बापानं ही खोली भाड्यानं धरली, तवापासून दारावर आमचीच पाटी. कागद कुणाकडंच नव्हता.

"सासऱ्याला कळलं तर?" त्यांनी विचारलं.

"त्यांचं त्यांच्यापाशी, काका. मला तुमची कला शिकायचीय."

रामकिसनांचा लेक चिकलठाण्याला कारखान्यात. ब्रशला त्यानं कधी हात लावला नाही. दुसरं कुणी शिकायला आलंच नव्हतं.

"वर उर्दू, खाली मराठी. पोलिस ॲक्शनच्या आधी असंच असायचं," म्हणत त्यांनी तिचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली. रंग वाळल्यावर पॉलिशपेपर. मेणावरचा रंग सुटून लाकूड उघडं पडलं. मग चहाचं पाणी, मग जवसाच्या तेलात कालवलेली काजळी.

"हॉल एवढा मोठा, अन् पाटी एवढीशीच?"

"तुमच्या पाटीचंच माप घेतलं. मला तेवढीच आवडते."

रामकिसन लाजल्यासारखे हसले.

"आता उन्हाळाभर गच्चीवर पडू द्या. घाई नाय करायची. नखानं रंग सुटला तर समजा, कच्ची."

"आणि खिळे?"

त्यांनी डब्यातले गंजके खिळे तिच्या ओंजळीत ओतले. "नव्या खिळ्यानं सगळं सोंग उघडं पडंल, सूनबाई."

जूनमध्ये दुकान बंद करून ते भाचीच्या लग्नाला लासूर स्टेशनला गेले. निघताना कालिंदी त्यांच्या पाया पडली.

ते परतल्यावर कोर्टाचा कमिशनर जागा बघायला आला.

"साहेब, आधी ती दारावरची पाटी उतरवा," कालिंदी म्हणाली.

गड्यानं पेंटरची पाटी उतरवली. तिच्या मागं, गंजक्या खिळ्यांनी ठोकलेली दुसरी पाटी होती. वर उर्दू, खाली मराठी.

कमिशनर स्टुलावर चढला. ‘नानासाहेब’वर त्यानं नख ओढलं.

रंग सुटला नाही.