तात्यांचं स्थळ

गाडी फाटकातून आत शिरली, तरी कारभारी तात्या उतरेनात. त्यांनी आधी काच खाली केली, गुलाबी फेट्याचं डोकं बाहेर काढलं आणि फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं, "का हो, घर कसं हाय? मानसं बरी हायत का?"

रखवालदार बुचकळ्यात पडला. "ज्येष्ठ निवास आहे बाबा. घर नाही."

"त्येच इचारतोय."

मागच्या सीटवर सुलेखानं डोळे मिटून घेतले. देवगाव रंगारीच्या पंचक्रोशीत सासऱ्यांनी इतक्या सोयरिकी जुळवल्या होत्या की माणूस असो की बैल, पारखल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. न्हाणीघरात पाय घसरल्यावर डॉक्टरांनी बजावलं, यांना एकटं ठेवू नका. घरी माणूस ठेवायचा की पैठण रोडवरच्या या निवासात जायचं, असा घोळ सुरू झाला, तेव्हा तात्यांनीच निकाल दिला होता, "दोन्ही स्थळं बघू. बघितल्याबिगर होकार नाय अन् नकारबी नाय."

पहिलं स्थळ आपल्या पायांनी सिडकोतल्या फ्लॅटवर आलं. राजकुमार त्याचं नाव. हाताला हळुवार, स्वभावानं गरीब. तात्यांनी त्याला आठवडाभर पारखलं. "मानूस सोन्यावानी हाय," ते म्हणाले, "पर दिसभर माझ्याकडंच बघत बसतो. मला काय म्हशीवानी राखायचंय का?"

राहिलं हे दुसरं. ते सुलेखानंच शोधलं होतं आणि शोधल्यापासून तिचा घास गोड लागत नव्हता. तिचा नवरा अभय गाडी चालवताना एकच वाक्य बोलला होता, "गाव काय म्हणेल?" गाव काय म्हणणार, ते तिला पाठ होतं. सुनेनं म्हाताऱ्याला बाहेर काढलं. तात्या नको म्हणाले तर बँकेतली नोकरी सोडायची, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. हो म्हणाले तर स्वतःला तोंड कसं दाखवायचं, हे मात्र ठरत नव्हतं.

आत निवासाचं काम बघणाऱ्या सावनी मॅडमनी हसून स्वागत केलं आणि खोल्या दाखवायला निघाल्या. तात्यांनी पाणी मागितलं. तांब्याचं बूड न्याहाळलं, वास घेतला, पाणी प्यायले. मग काठी टेकत खोल्यांकडे न जाता थेट मागच्या अंगाला वळले.

"बाबा, तिकडे स्वयंपाकघर आहे."

"म्हून तर. घर मागनं बघावं. म्होरून समदेच पावडर लावत्यात."

त्यांनी मोरी पाहिली, गटार पाहिलं, भाकरी थापणाऱ्या बाईंची विचारपूस केली. येताना व्हरांड्यात मेंढीकोटाचा डाव तावातावानं चालला होता. तात्या पानं खेळणाऱ्यांच्या मागं उभे राहिले आणि त्यांना राहवलं नाही. "अवो, हुकूम त्येंनी मघाशीच टाकला की."

जाड भिंगांच्या चष्म्यातून एका गृहस्थांनी वर पाहिलं. सदाशिवराव, कोर्टातून निवृत्त झालेले. "आपण कोण?"

"पाव्हणा. स्थळ बघायला आलोय. मला तर पसंत पडाया लागलंय, पर पसंती दोन्हीकडनं लागती. मी चालतोय का बोला."

सदाशिवरावांनी त्यांना फेट्यापासून वहाणांपर्यंत न्याहाळलं. "घोरता का?"

"लई."

"हरकत नाही. मी रात्री कानातलं मशीन काढून ठेवतो. बसा, भिडू कमीच आहे."

तात्या बसले नाहीत. ते तरातरा कचेरीत आले आणि त्यांनी साखर मागवली. मॅडमना वाटलं, चहा गोड करायचा असेल. तात्यांनी वाटीतली चिमूट चिमूट साखर प्रत्येकाच्या तळहातावर ठेवली. "त्वांड गोड करा. ठरलं."

सुलेखानं साखर तोंडात टाकली आणि तिला रडूच कोसळलं. "तात्या, मी तुम्हाला घालवत नाही हो..."

"मला ठावं हाय, पोरी. लेक सासरी निघाली की माहेरचे रडत्यात, तेवढं रड. जास्ती नको."

"तात्या, अजून विचार करा," अभय पुटपुटला. "गावात..."

"गावात सांग, तात्या सासरी गेले." तात्या स्वतःच खो खो हसले, मग एकाएकी गंभीर झाले. "पर अट हाय. पंचमीला मुराळी धाडायचा. समद्यांना न्यायला माहेरचं कुणी येतं अन् आपलंच कुणी येत नाय, त्ये लई वंगाळ."

सुलेखाला ते सांगायची गरज नव्हती. तिला सख्खा भाऊ नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला गल्लीतल्या सगळ्या सुना आपापल्या भावांबरोबर माहेरी गेल्या आणि ती एकटी तांदूळ निवडत बसली होती. तेव्हा तात्यांनी हाच गुलाबी फेटा बांधला, म्हणाले, "चल पोरी, यंदा मीच तुझा मुराळी," आणि एसटीनं तिला पैठणला माहेरी पोचवून आले. सासरा मुराळी झाला म्हणून गाव कितीतरी दिवस हसलं होतं.

तिनं ओढणीनं डोळे पुसले. "पंचमीला मी येईन."

"मुराळी बिनफेट्याचा नसतो."

"मग बांधायला शिकवा."

तात्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला, तिथंच कचेरीत सरळ उलगडला, आणि एक टोक सुनेच्या कपाळावर धरून दुसरं अभयच्या हातात दिलं. "ताणून धर रं," ते लेकाला म्हणाले. "ढिला राह्यला की गाव हसतं."