ताउनोच्या वाटणीचं लोणी

फिनलंडातल्या त्या खेड्यात दर पाच वर्षांनी हृदयाची तपासणी व्हायची. पहिल्याच खेपेला डॉक्टरांनी औनेला बजावलं होतं, "बाई, इथले पुरुष पन्नाशीतच जातात. नवरा हवा असेल तर त्याचं लोणी बंद करा."

त्या दिवसापासून औने हात धुऊन नवऱ्याच्या, ताउनोच्या मागे लागली. त्याने पावावर थापलेलं लोणी ती सुरीने खरवडून काढायची, डुकराच्या रश्श्यावरचा तवंग पळीने उचलून घ्यायची. तो कुरकुरला की म्हणायची, "गप गिळ! मला विधवा व्हायची हौस नाही."

यंदा पंचाहत्तरीच्या ताउनोचं हृदय ठणठणीत निघालं. तो तिथेच शीळ घालायला लागला. औनेच्या तपासणीचा कागद मात्र नर्सने दोनदा वाचला.

"आजी, तुमच्या रक्तात एवढी चरबी? घरात पथ्य तर तुम्हीच सांभाळता ना?"

"तीस वर्षं! एक दिवस चुकले नाही."

"मग ते काढलेलं लोणी, तो तवंग... जायचं कुठे सगळं?"



औनेला प्रश्नाचा रागच आला. "जाणार कुठे? आमच्या घरात अन्न टाकत नाहीत, पोरी!"