सहापैकी सहा

आमच्या कारखान्यात डोंगरात पळवायच्या सायकलींची चाकं बनतात. यंत्रातून प्रत्येक नव्या रिमवर वीस किलोचं लोखंड पाडायचं आणि तडा शोधायचा, हे माझं काम. नवी रिम जुनीपेक्षा ऐंशी ग्रॅमने हलकी होती आणि सहाच्या सहा वेळा तडकली. रिमची भिंत जाड करा, वजन थोडं वाढू द्या, असं मी अहवालात लिहिलं.

"वजन वाढवायला काय अक्कल लागते, शास्त्रज्ञ?" दात कोरत साहेब म्हणाले. कोरलेलं त्यांनी माझ्याच अहवालाला पुसलं. मला शिसारी आली. "हलकं हवं आणि मजबूतही हवं. रविवारी शर्यतीत ताई हीच चाकं लावणार."

ताई ही आमच्या कंपनीची रेसर. गेल्या वर्षी उतारावर चाक फुटून तिच्या खांद्याचं हाड मोडलं होतं.

चार दिवसांनी साहेबांनी ताईसमोर पुन्हा चाचणी घ्यायला लावली. मी सहा वेळा बटण दाबलं. भिंगातून पाहिलं, तर एकाही रिमवर तडा नव्हता.

"उगाच घाबरवत होतास की रे!" माझ्या पाठीवर थाप मारून ताई चाकं घेऊन गेली.

मीही हरखलो होतो. "साहेब, भिंत किती जाड केलीत?"





"चाकाला कोण हात लावतोय? यंत्रातलं लोखंड बारा किलोचं करून घेतलं. चला, सही करा."