ग्राहकाची प्रत

पाचला कंपनीचा माणूस येणार होता, आणि साडेचार वाजता नऊ हजार कमी पडत होते.

बॅगवाल्याने कार्डाचं मशीन उचललं, बेरीज पाहिली, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मधल्या दोन मिनिटांत मशीनला दया यायची होती जणू. तीन महिन्यांत मशीनवर पाच लाखांचा धंदा दाखवा, आम्ही एक लाख आगाऊ देतो, असं मशीनवाल्या कंपनीने सांगितलं होतं. एक लाख म्हणजे बरोब्बर जागेच्या मालकाने वाढवलेलं डिपॉझिट. सोमवारपर्यंत ते दिलं नाही तर दुकानावर दुसऱ्याची पाटी. आज मुदतीचा शेवटचा दिवस, आणि आकडा चार लाख एक्क्याण्णव हजारांवर हटून बसलेला.

"बसा जरा," गल्ल्यापाशी वही घेऊन बसलेली बायको म्हणाली. "येरझाऱ्यांनी फरशी झिजेल. तीही मालकाचीच आहे."

तेवढ्यात एक बाई आल्या. त्यांनी चाकांच्या दोन मोठ्या बॅगा निवडल्या, प्रत्येक चेन चार-चार वेळा उघडून लावून पाहिली, घासाघीस करत नऊ हजारांवर आल्या आणि पर्समधून नोटा काढल्या.

"कार्ड नाही का?" बॅगवाल्याने विचारलं.

"आहे की. पण कार्ड म्हटलं की सगळे दोन टक्के वर मागतात, म्हणून मुद्दाम रोख काढून आणली."

"मी काही वर मागत नाही. उलट एक कुलूप फुकट देतो. पण कार्डावर द्या."

"मग ते दोन टक्के तुमच्या खिशातून जाणार."

"जाऊ देत."

दुकानदार आपणहून तोटा मागायला लागला की शहाणा माणूस जे करतो तेच बाईंनी केलं. नोटा परत पर्समध्ये घातल्या. "काही भानगड असेल तर मला नका ओढू त्यात, दादा," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

बायकोने वहीतून मान वर काढली नाही. "पैसे घ्यायचे होते. बॅगा द्यायच्या होत्या. आणि मग सावकाश मशीनवर तुमचं कार्ड घासायचं होतं. बारा वेळा घासलंत, तेराव्यांदा काय हात दुखला असता?"

बॅगवाला अनवाणी रस्त्यावर धावला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. रोख पैसे बाळगणारी माणसं चालतातही भरभर. तो परत आला.

बारा वेळा, हे खरं होतं. युक्ती त्याला पहिल्याच महिन्यात सुचली होती आणि सुचली त्या रात्री तो स्वतःवर बेहद्द खूश होऊन झोपला होता. आपलंच कार्ड, आपलंच मशीन. वीस हजार घासायचे. दोन दिवसांनी दुकानाच्या खात्यात एकोणीस हजार सहाशे यायचे. वाटेत कंपनीने आणि बँकेने चारशे चाखलेले असायचे. गल्ल्यातून तेवढे घालून कार्डाचं बिल भरायचं, आणि पुन्हा घासायचं. असे वीस हजार बारा वेळा दुकानात आले, बारा वेळा गेले, आणि फळीवरची एकही बॅग हलली नाही. बायकोने वहीत त्याचं वेगळं पान केलं होतं. वर मथळा: नेहमीचं गिऱ्हाईक.

आता दुसरा इलाजच नव्हता. त्याने कार्ड खुपसलं, नऊ हजार टाकले आणि आपलाच आकडा आपल्यापासून लपवावा तसा हात आडवा धरून पिन दाबला. मशीन गुरगुरलं. एक चिठ्ठी बाहेर आली: दुकानाची प्रत. पडद्यावर प्रश्न आला, ग्राहकाची प्रत छापायची?

"नमस्कार काका," दारातून आवाज आला.

कंपनीचा माणूस पाच मिनिटं आधीच आला होता. त्याने मोबाइलवर यादी उघडली. "पाच लाख. अगदी काठोकाठ."

बॅगवाल्याने खुर्ची पुढे सरकवली. माणूस बसला नाही. त्याचं बोट यादीवरून खाली सरकलं, थांबलं, परत वर गेलं.

"हे एकच कार्ड तेरा वेळा दिसतंय."

"नेहमीचं गिऱ्हाईक आहे."

"तेरा वेळा बॅगा? घरात राहतात की बॅगेत?"

बायकोने वही तोंडापुढे धरली.

"कंपनी असलं धरत नाही हो," माणूस हळू आवाजात म्हणाला. दिवसातून तीन दुकानांत तो हे वाक्य म्हणत असावा. "ते वजा केलं की तुमचे दोन लाख एक्कावन्न हजार उरतात. त्यावर आगाऊ बसत नाही."

"टक्के मात्र तेराही वेळचे कापलेत."

"टक्के कापताना कार्ड कोणाचं ते बघत नाहीत, काका." त्याने मोबाइल खिशात टाकला आणि शेजारच्या दुकानात शिरला.

बॅगवाला दुकानाची प्रत हातात धरून उभा होता. त्याने ती घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. बायकोने नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या पानावर शेवटचे एकशे ऐंशी मांडले, खाली रेघ ओढली आणि बेरीज वाचली. "चार हजार नऊशे ऐंशी."

मशीनच्या पडद्यावर अजून तोच प्रश्न लुकलुकत होता.

"दाबा की," ती म्हणाली. "गिऱ्हाईक ताटकळलंय."